लंडनची साखर

साखर महाग होऊ दे, असा नवस कुणी बाई बोलल्याचं तुम्ही कधी ऐकलं आहे का? मी ऐकलं आहे. आणि तेही माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्याच कपातला चहा पिता पिता. नवस बोलणाऱ्या बाईचं नाव काशीबाई, आणि तो नवस बोलायला लावणारे महाशय म्हणजे माझे यजमान.

पंच्याऐंशी सालची गोष्ट आहे. आम्ही तेव्हा नव्या पनवेलला सिडकोच्या दोन खोल्यांत राहायचो. यजमान तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत शिफ्ट इनचार्ज होते. त्यांचं नाव दिलीप. ते मी लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, एरवी 'अहो' वर भागायचं. इथं मात्र सरळ दिलीप म्हणते, नाहीतर 'हे' म्हणजे कोण, असा घोळ व्हायचा.

काशीबाईंचा मुलगा वामन दिलीपच्याच हाताखाली होता. पण माझी त्यांची ओळख त्याच्यामुळे झाली नाही. त्या आमच्या बिल्डिंगीत सुकट आणि जवळा विकायला यायच्या. मी सांगलीकडची, घरात कधी मासळी शिजली नव्हती. पहिल्या दिवशी मी पदर नाकाला लावून दार लोटलं, तर बाहेरून आवाज आला, "बाय, नाक धर, पन दार नको लावू. वाईच चाखून तरी बग." त्यांनीच मला कांदा घालून जवळा करायला शिकवलं. इथल्या बोलीत 'ड-ढ'चा कधी कधी 'र' होतो, हेही त्यांच्याकडूनच कळलं. पुढं त्या टोपली दाराबाहेर ठेवून ओट्याशी बसायच्या आणि आमचा चहा व्हायचा. त्यांना चहा दुधाचा कमी आणि साखरेचा जास्त लागायचा. मी म्हणायची, काशीबाई, हा चहा आहे की पाक?

कासाडी नदीच्या काठी त्यांचं गाव. भाताची खाचरं होती ती सगळी कारखान्यांच्या जमिनीत गेली. नवरा त्याच सुमाराला वारला. ज्या घराची जमीन गेली त्या घरात एक नोकरी मिळायची, तशी वामनला मिळाली. काशीबाई म्हणायच्या, "जिथं भात पिकायचा तिथं आता पगार पिकतंय. पाऊस पडो नाय तर नाय पडो." ते म्हणताना त्यांचा चेहरा असा काही फुलायचा की आपल्यालाच बरं वाटावं.

आता ही कंपनी काय बनवायची ते सांगायला हवं. युरोपात शेतकरी बीट लावतात. त्या बीटात जे तण माजतं ते मारायचं औषध इथं तयार व्हायचं आणि पिंपांत भरून बोटीनं जायचं. बीट म्हटल्यावर तुमच्या डोळ्यापुढं कोशिंबीर आली असेल, माझ्याही आली होती. पण हे बीट वेगळं. पांढरं, मुळ्यापेक्षा चांगलंच जाडजूड, आणि तिकडं म्हणे त्याची साखर करतात. मी उसाच्या मुलखातली, मला हसूच फुटलं. मातीखालच्या कंदाची कसली आलीय साखर! दिलीपनं त्यावर मला पाऊण तास व्याख्यान दिलं. समजावून सांगायची त्याला फार हौस.

तिकडच्या गिऱ्हाइकानं एके वर्षी कॅलेंडरं पाठवली होती, ती सगळ्या कामगारांना वाटली. चित्रात एक उंच शेतकरी, गुडघ्यापर्यंत बूट, डोक्याला टोपी, हातात पाल्याला धरून उचललेलं एक भलंमोठं बीट, आणि मागं हिरवंगार रान. आमच्याकडचं मी पुढच्या वर्षी काढून टाकलं. काशीबाईंनी मात्र देव्हाऱ्याशेजारी लावलेलं कधी काढलंच नाही. त्या त्याला 'बीटवाला' म्हणायच्या. त्याची विचारपूससुद्धा करायच्या. "औंदा कसा हाय र तुमचा बीटवाला?" असं वामनला विचारायच्या, जणू तो कल्याणला राहतो.

ऐंशी साली जगात साखर भडकली. दिलीप सांगायचा ते असं, की तिकडच्या शेतकऱ्याला ठरवून दिलेल्या मापापुरता पक्का भाव मिळतो. त्याच्यावर पिकवलं, तर ती साखर जगाच्या बाजारात जाईल त्या भावानं विकायची. जगात भाव चढला तसा बीटवाल्यानं गहू-बटाटा मागं सारून जास्तीचं बीट लावलं. जास्तीच्या बीटात जास्तीचं तण, आणि जास्तीच्या तणाला जास्तीचं औषध. त्या जास्तीच्या जिवावर तळोज्यात नवा प्लँट उभा राहिला, वामन त्यात लागला, दिलीपला बढती मिळाली आणि आम्ही भाड्याची खोली सोडून सिडकोत आलो. पण भाव चढल्यावर जगात सगळ्यांनीच साखर पिकवली. कुठं ऊस वाढला, कुठं बीट वाढलं, आणि भाव जो घसरायला लागला तो थांबेचना. बीटवाल्यानं जास्तीचं रान पुन्हा गव्हाखाली घातलं. त्याचं किती बिघडलं देव जाणे. आमचं सगळं बिऱ्हाडच त्या जास्तीच्या रानावर मांडलेलं होतं, हे आम्हाला तेव्हा कुठं ठाऊक!

चौऱ्याऐंशीच्या दिवाळीनंतर वामनचा साखरपुडा झाला. मुलगी मोरा बंदराजवळची, पुतळा नावाची. तिचा बाप नामा मोऱ्याच्या धक्क्यावर लाँचचे दोर बांधायच्या कामाला होता. मानी माणूस. मुलगा पाहायला आला तेव्हा त्यानं एकच प्रश्न विचारला, "कंपनीत परमनंट हाय ना?" वामन परमनंट होता. साखरपुड्याला मीही गेले होते. पुतळाच्या बोटात घालताना वामनच्या हातून अंगठी निसटून पाटाखाली गेली, आणि ती शोधायला दोघं एकदमच वाकली. डोक्याला डोकं लागलं. सगळे हसले, पुतळा तर पदर तोंडात कोंबून हसत होती. काशीबाईंनी तिच्या ओटीत नारळ आणि साखरेचा पुडा घातला. लग्न वैशाखात ठरलं.

शिमग्याला कंपनीच्या फाटकाला कुलूप लागलं. ऑर्डर नाही म्हणून प्लँट बंद, ऑर्डर आली की चालू, असं साहेबांनी सांगितलं. कायमची बंद नाही, एवढं मात्र त्यांनी दोनदा सांगितलं.

नामा काशीबाईंकडं आला. मोडता घालायला नाही आला बिचारा. म्हणाला, "लगीन मोडत नाय मी. पन भोंगा वाजूदे कंपनीचा, मंग हलद लावू. दसऱ्यापरत थांबतो. त्याच्या पुरं पोरीला घरात बसवून ठेवनं मना जमनार नाय."

झालं, तेव्हापासून काशीबाईंचा जीव त्या भोंग्यात अडकला.

चैत्रातली दुपार होती. काशीबाई ओट्याशी चहा घेत बसल्या होत्या. दिलीप घरीच होता, कामाविना घरी बसलेल्या पुरुषासारखा, म्हणजे पंख्याखाली पेपर घेऊन. काशीबाईंनी तिथूनच विचारलं, "सायेब, खरं सांगा. कंपनी कवा चालू व्हल?"

"टेन्शन घेऊ नका काशीबाई. साखर वर गेली की ऑर्डर आलीच समजा."

"साकर वर म्हंजे?"

"म्हणजे महाग. साखर महाग व्हायला पाहिजे."

"आनि महाग झाली का भोंगा वाजल?"

"वाजणारच."

काशीबाईंनी कप खाली ठेवला. उरलेला अर्धा चहा तसाच. हात जोडले, डोळे मिटले आणि माझ्या ओट्यासमोरच म्हणाल्या, "गावदेवी माते, साकर महाग कर. माज्या वामन्याच्या कंपनीचा भोंगा वाजूदे. तवर मी साकर तोंडात घालनार नाय." मग मला म्हणाल्या, "बाय, उद्यापासना मना बिनसाकरंचा."

त्या गेल्यावर मी दिलीपवर अशी काही उखडले! म्हटलं, अहो, सगळी दुनिया देवाकडं स्वस्ताई मागते, आणि तुम्ही त्या बाईला महागाई मागायला लावलीत? तो म्हणाला, मी शास्त्र सांगितलं. म्हटलं, मग शास्त्रानं चहा करा उद्यापासून. पण खरं सांगते, रात्री अंथरुणावर पडल्यावर मीसुद्धा मनातल्या मनात तेच मागितलं.

तेव्हापासून त्यांना बिनसाखरेचा चहा द्यायचा. मी प्रत्येक वेळी सवयीनं डबा उघडायची आणि त्या हात आडवा धरायच्या. पहिल्यांदा त्यांचं तोंड कडू औषध घेतल्यासारखं व्हायचं. मला बघवायचं नाही, पण नवस म्हणजे नवस.

दिलीप रोज सकाळी पहिल्या पाळीच्या वेळेला कंपनीचा शर्ट घालून फाटकाशी जायचा. इंग्रजी पेपरात मागच्या बाजूला बारीक अक्षरांत लंडनच्या बाजारातले भाव यायचे, ते वाचून दाखवायला. फाटकाबाहेर वडाच्या पारावर सगळे कामगार गोळा व्हायचे. ज्यांनी ठाण्याच्या पलीकडं पाऊल टाकलं नव्हतं, ते लंडनला साखर काय चाललीय म्हणून कान टवकारून बसायचे. दिलीप पान उलटायचा आणि म्हणायचा, "खाली." दुसऱ्या दिवशी पुन्हा, "खाली." एकदा "जैसे थे" म्हणाला, तर कुणीतरी टाळी वाजवली. दिलीपनं हे हसत हसत सांगितलं आणि मग तोंड धुवायला म्हणून मोरीत गेला, तो बराच वेळ बाहेर आला नाही.

आणि मग साखर महाग झाली!

मे महिना असेल. काशीबाई जिना चढून धापा टाकत आल्या. हातात टोपली नाही, नारळ. चेहरा साखरपुड्याच्या दिवशी होता तसा. "ऐकलं गो देवीनं! पनवेलच्या बाजारात जाऊन आले. वानी बोलला, साकर भरकली. अजून चरनार बोलला. सायेब कुठं हायेत? भोंगा कवा वाजतंय ते इचार!"

साखर महाग झाली होती हे खरंच होतं. आमच्याच देशात त्या साली ऊस कमी पिकला होता. सांगलीहून भावाचं पत्र आलं होतं, कारखाना लवकर बंद झाला म्हणून. रेशनच्या रांगेत बायका सरकारच्या नावानं बोटं मोडत होत्या. पण त्याचा बीटवाल्याशी काही संबंध नव्हता. आपली साखर इथंच खाल्ली जाते, आणि तिकडची साखर तिकडं ढिगानं पडली होती.

दिलीप आतून आला. त्यानं नारळाकडं पाहिलं आणि खाली बसला. त्या दिवशी त्यानं व्याख्यान दिलं नाही. एवढंच म्हणाला, "काशीबाई, ही इथली साखर. आपल्याला लंडनची महाग व्हायला हवी. ती अजून खालीच आहे. कधी नव्हे इतकी खाली."

काशीबाईंनी नारळ मांडीत घेतला. नारळाची शेंडी उगाच पिळत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "चूक माजीच झाली. मी देवीला कुठली साकर ते बोललेच नाय. तिला बिचारीला आपला पनवेलचाच बाजार म्हाईत. कवा गावाची शीव वलांडली नाय तिनं."

मला रडू आलं आणि रागही आला. कुणाचा राग ते मात्र कळेना. साखर महाग करून देवीनं आमच्याच डब्यात हात घातला होता.

"बाय," त्या म्हणाल्या, "तू चल. तुला त्या गावाचं नाव नीट बोलता येतं. मी काय तरी चुकायची परत."

मी गेले. दिलीप नको म्हणत होता तरी गेले. कासाडीच्या कडेकडेनं रस्ता होता. नदीचं पाणी तांबूस, वरती फेस, आणि वास असा की सुकट परवडली. काशीबाई बोट दाखवत होत्या, हे आमचं खाचर, ते सासऱ्याचं, तिथं बांधावर आंबा होता. तिथं आता शेड होत्या. निम्म्या बंद.

गावदेवीचं देऊळ म्हणजे चार खांब आणि पत्रा. काशीबाईंनी नारळ फोडला आणि मला पुढं केलं. मी एम. ए. झालेली बाई. माहेरी उसाचा मळा. आणि मी त्या शेंदूर फासलेल्या दगडाच्या तांदळ्यापुढं हात जोडून मोठ्यानं म्हटलं, "आई, लंडनची साखर महाग कर. लंडनची." काशीबाई मागून म्हणाल्या, "विलायतेतलं लंडन, सांग." मी तेही सांगितलं. "आनि आमची परत सस्ती कर, लोकं कावलीत." तेही सांगितलं. मग त्या स्वतःच म्हणाल्या, "आनि त्या बीटवाल्याला पन भाव दे. त्याला भाव तर आमाला भाव." मला हसू यायला हवं होतं. पण मी डोळे घट्ट मिटून घेतले होते आणि माझी अशी खात्री झाली होती, की आता ऐकणार. ऐकायलाच पाहिजे. इतकं नीट पत्त्यासकट कुणी मागितलं असेल?

पावसाळा सुरू झाला. वामन वाशीला कांदा-बटाट्याच्या मार्केटात गोणी उचलायला जायला लागला. त्याला तिथं रोज काम मिळेच असं नव्हतं. त्याच्या मानेला चट्टा पडला होता, तो झाकायला उकाड्यातही गळ्याभोवती रुमाल गुंडाळायचा. एका रविवारी तो काशीबाईंना न्यायला आला होता. मी विचारलं, मोऱ्याला गेला होतास का रे? तर म्हणाला, "गेलो होतो वैनी. धक्क्यावर नाय गेलो. लांबूनच बगून आलो." कुणाला ते मी विचारलं नाही.

दिलीपनं दोन-चार ठिकाणी अर्ज केले. सगळीकडं केमिकलला मंदी. त्यानं दाढी करणं सोडलं. सकाळचं फाटकावर जाणं मात्र सोडलं नाही.

श्रावणात रेशनच्या दुकानात वेगळीच साखर आली. बारीक, पांढरीफेक, रव्यासारखी. देशात कमी पडली म्हणून सरकारनं बाहेरून आणलेली. बायका नाकं मुरडायला लागल्या. हिला गोडीच नाही, हिला मुंग्यासुद्धा लागत नाहीत, चहात चार चमचे घातले तरी फिक्काच. मी घरी येऊन सांगितलं, तसा दिलीप ताडकन उठून बसला. कितीतरी दिवसांनी असा उठला असेल. "अगं, ही तिकडचीच! ते ढीग पडलेत ना, त्यातलीच आपलं सरकार घेतंय. आणि इतका मोठा देश घ्यायला लागला म्हणजे... कळलं का तुला? ढीग कमी होणार. भाव वर जाणार!"

मला कळलं. दुसऱ्या दिवशी मी रेशनच्या रांगेत उभी राहून त्या साखरेची अशी तरफदारी केली की दुकानदारानं मला कमिशन द्यावं. घ्या हो, चांगली असते, पटकन विरघळते, लाडवाला तर पिठी करायलाच नको. शेजारच्या जयमालाबाई कार्डावरची साखर सोडून देणार होत्या, त्यांना घ्यायला लावली. मनात एकच हिशेब, प्रत्येक कार्डागणिक तिकडचा ढीग चिमूटभर तरी कमी होईल. वेड लागतं माणसाला, दुसरं काय!

आणि भाव खरंच थोडा हलला. गणपतीच्या सुमाराला दिलीप पारावर "वर" म्हणाला. मग पुन्हा, "वर." त्या दिवशी त्यानं दाढी केली. काशीबाईंनी पुतळासाठी हिरवा चुडा भरायला कासाराला सांगून ठेवलं. मी म्हटलं, एवढ्यात नको. तर म्हणाल्या, "देवीला वाईच उशीर लागनारच गो. लांबचा परवास हाय."

पण ते हलणं म्हणजे तळाशी गेलेल्या माणसानं एकदा पाय झाडावा तेवढंच. पुन्हा जैसे थे. बीटवाल्यानं पुढच्या हंगामाचा विचार करून टाकला होता, आणि त्याच्या विचारात आम्ही नव्हतो. नवरात्रात कंपनीनं फाटकावर कागद चिकटवला. कायमची बंद. प्लँट गुजरातेतल्या एका पार्टीला विकला होता.

यंत्रं न्यायला ट्रेलर आले. दिलीप बघायला गेला, मी म्हणत होते जाऊ नका. चढवायला रोजंदारीची माणसं घेतली होती, आणि त्यांत वामन होता. ज्या रिअॅक्टरवर तो चार वर्षं उभा राहिला, त्यालाच दोर बांधत होता. दिलीपला बघून म्हणाला, "सायेब, दुसरा कोन बांधला असता तर वॉल्व तोरला असता. मी निगुतीनं बांधलंय." भोंगाही त्याच ट्रेलरवर गेला. हे सांगताना दिलीप माझ्या मांडीवर डोकं ठेवून हमसाहमशी रडला. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, मी त्याला तसं कधी पाहिलं नव्हतं.

आम्ही सांगलीला जायचं ठरवलं. माझ्या भावाच्या खतांच्या दुकानात दिलीप बसणार होता. दसरा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी काशीबाईंना ते सांगायला त्यांच्या घरी गेले. त्या बऱ्याच दिवसांत आल्या नव्हत्या. घरात दिवा होता, देव्हाऱ्यावर कालची आपट्याची पानं होती, शेजारी भिंतीवर बीटवाला होता. मी बोलायला तोंड उघडणार तेवढ्यात दारात नामा आला.

तो आत बसला नाही. उंबऱ्यातच उभा राहिला. हातातल्या पिशवीतनं एकेक वस्तू काढून त्यानं काशीबाईंच्या पुढ्यात ठेवली. साडी, तिची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. कागदात गुंडाळलेली अंगठी. नारळ. आणि शेवटी कागदाचा एक पुडा, वरून लाल दोरा बांधलेला.

"तुमचा होता त्यो आमी तवाच खाल्ला," तो म्हणाला. "ह्यो नवा बांधलाय. उगाच कुनाची साकर ठेवायची नाय आपल्याला." त्यानं रिकाम्या पिशवीची घडी घातली. "काशीबाय, पोर दोन दिस जेवली नाय माजी. पन मी काय करू? भोंगा गारीवर चरून गेला, सगल्यांनी बगला."

काशीबाई म्हणाल्या, "तुज्यावर राग नाय रे दादा." तो वळला आणि गेला. त्याच्या चपलांचा आवाज येईनासा झाला तरी काशीबाई त्या साडीकडंच बघत होत्या. मी जवळ जाऊन बसले. सांगलीचं ओठावर आलेलं मी गिळून टाकलं.

थोड्या वेळानं त्यांनी पुड्याचा दोरा सोडला. आत साखर होती. बारीक, पांढरीफेक, रव्यासारखी. नामानं रेशनवरची भरली होती, दुसरी मिळतच नव्हती.

"ही कसली गो?" काशीबाईंनी विचारलं. रेशनची साखर त्यांनी चैत्रापासून आणलीच नव्हती.

मी भिंतीकडं बघितलं. "त्याची," मी म्हटलं. "ही त्याच्याच बीटाची साखर आहे, काशीबाई. तिकडं कुणी घेईना, म्हणून इकडं आली."

त्या उठल्या. मला वाटलं आता कॅलेंडर फाडणार. पण त्या चित्रापुढं नुसत्याच उभ्या राहिल्या, त्या टोपीवाल्याच्या तोंडाकडं बघत. "म्हंजे ह्याचं औषद माज्या वामन्यानं केलं," त्या म्हणाल्या, "आनि ह्यानं ही पिकवली. आनि हीच सस्ती झाली म्हनून..." पदर तोंडाला लावून त्या मटकन खाली बसल्या आणि ओक्साबोक्शी रडल्या. मीही रडले. त्यांच्यासाठी, दिलीपसाठी, अंगठी शोधायला वाकलेल्या त्या दोन पोरांसाठी.

रडून झाल्यावर मी उठून त्यांच्या चुलीवर चहा टाकला. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. दोन कप भरले. माझ्या कपात त्या पुड्यातली साखर घातली, सवयीनं त्यांचा बिनसाखरेचाच ठेवला आणि पुढं सरकवला.

त्यांनी कप उचलला नाही. माझ्याकडं परत लोटला.

"घाल गो," त्या म्हणाल्या.

"काशीबाई, नवस?"

"घाल. चांगली भरपूर घाल." त्यांनी पुडाच उचलून माझ्या हातात दिला. "सस्ती हाय ना."